अहो, विरोधकांचीही निवडणूक असते!

ऐका ना! हातातलं काम ठेवा बाजूला आणि आधी हे ऐका! जगात असा एक पक्ष होता, जो निवडणुकीत हरून विरोधी बाकांवर जाऊन बसला की त्याचे खासदार आपसांत आणखी एक निवडणूक घ्यायचे! हरल्यावर! सत्ता नाही, खाती नाहीत, फायलींवर सही करायचा अधिकार नाही, आणि तरी उमेदवार उभे राहायचे, मतपत्रिका वाटल्या जायच्या, गुप्त मतदान व्हायचं, मोजणी व्हायची आणि निकाल लागायचा! कशासाठी? तर सरकारातल्या मंत्र्यांसमोर आपल्या बाजूनं पहिल्या बाकावर कुणी बसायचं, हे ठरवायला! ब्रिटनचा मजूर पक्ष हो! कित्येक दशकं चाललं होतं हे, आणि मला आत्ता कळतंय!

एक सांगून ठेवते. मी राज्यशास्त्र शिकलेली नाही. विधान भवन आतून पाहिलेलं नाही. शहापुरात राहते, किन्हवली-सरळगाव मार्गे मुरबाडला जाणं-येणं असतं, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, एवढीच माझी पात्रता! तेव्हा जाणकारांनी माझ्याकडून व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नये. पण बाकीच्यांनी या, बसा, कारण हे एकटीनं पोटात ठेवण्यासारखं नाहीच!

त्या निवडणुकांतली शेवटची मोठी निवडणूक बघा, २०१० ची. मे महिन्यात मजूर पक्षाची सत्ता गेली. सप्टेंबरात एड मिलिबँड पक्षाचे नेते झाले. आणि मग ऑक्टोबरात खासदारांनी मतदान केलं. जागा १९, उमेदवार ४९! एकोणपन्नास जण विरोधी बाकांवरच्या जागेसाठी उभे! प्रत्येक खासदाराच्या मतपत्रिकेवर किमान ६ महिला आणि किमान ६ पुरुष यायलाच हवेत, असा नियम! आणि मग निकाल. पहिल्या आल्या यव्हेट कूपर, २३२ मतं. दुसरे जॉन हीली, १९२. खाली खाली जात एकोणिसावे लियाम बर्न, बरोबर १०० मतं. आणि विसाव्या? एमिली थॉर्नबेरी, ९९! एक मत! एका मतानं बाई पहिल्या बाकाबाहेर राहिल्या! आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डात एका मतानं पडलेल्या माणसाचं नाव गाव जन्मभर विसरत नाही, आणि इथे तर खासदारांच्या मतदानात हे घडलं!

अजून आहे! त्या १९ जणांत अँजेला ईगल आणि मरिया ईगल या दोघी जुळ्या बहिणी! दोघी उभ्या राहिल्या, दोघी निवडून आल्या! आणि एड बॉल्स आणि अँडी बर्नहॅम, जे काही आठवड्यांपूर्वी याच मिलिबँडविरुद्ध नेतेपदासाठी लढून हरले होते, तेही दोघं सहकाऱ्यांच्या मतांवर वर आले! समजलं का काय झालं? नेत्याला आवडो न आवडो, कालचा प्रतिस्पर्धी आज त्याच्या शेजारच्या बाकावर! त्यांना तिथं खासदारांनी बसवलं होतं, मेहेरबानीचा प्रश्नच नव्हता!

माणसं निवडायची खासदारांनी, आणि खाती वाटायची नेत्यानं, अशी वाटणी होती. म्हणजे पहिल्या आलेल्या कूपरबाईंना परराष्ट्र खातं मिळालं आणि अर्थखात्यासमोर बसले सहाव्या क्रमांकाचे ॲलन जॉन्सन! प्रत्यक्षात खातं सरकारकडेच असतं हो, पण त्या खात्याचा अभ्यास करायचा, त्या मंत्र्याला प्रश्न विचारायचा, त्याचा कागद न् कागद तपासायचा, आणि उद्या सत्ता आली तर तिथं बसायची तयारी ठेवायची. शॅडो कॅबिनेट म्हणतात याला, मराठी पेपरांत प्रतिरूप मंत्रिमंडळ.

आणि मग २०११ मध्ये ही पद्धत बंद झाली. मिलिबँड यांनीच बंद केली! म्हणाले, नेत्याला आपली फळी आपण निवडता आली पाहिजे, खासदारांनी आपसांत प्रचार करत बसण्यापेक्षा सरकारशी लढावं. खासदारांनी मतदान करून मान्य केलं. मतदानाचा हक्क सोडायचा की नाही, तेही मतदानानंच ठरलं! त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हे मला पटतं. पण तरीसुद्धा त्या ४९ नावांच्या यादीवरून माझी नजर हटत नाही, काय करू!

आणि मग मनात आलं, की आपल्याकडे हे कसं होतं? आणि मग मी शोधायला बसले आणि एकातून दुसरं निघत गेलं आणि दुसऱ्यातून तिसरं आणि मग चूल थंड झाली तरी मला पत्ता नाही!

आपल्या विधानसभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी बसतात, डाव्या हाताला विरोधक. डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावरचं मानाचं पद विरोधी पक्षनेत्याचं. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा! पगार, गाडी, बंगला, कर्मचारी, सगळं! सरकारवर टीका करायला सरकारी तिजोरीतून पगार! किती सुंदर कल्पना आहे ही! त्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, १९७८ चा. आणि तो काय म्हणतो? विरोधातला संख्येनं सर्वांत मोठा पक्ष, त्याचा नेता, आणि त्याला अध्यक्षांची मान्यता. संपलं! मग या पदासाठी १० टक्के आमदार हवेत, १० टक्के हवेत, असं जे सारखं ऐकू येतं, ते कुठून आलं? तर लोकसभेतल्या जुन्या संकेतातून, पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या काळापासूनचा! आणि हे मावळणकर म्हणजे मूळचं आपल्या रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं घराणं, गुजरातेत स्थायिक झालेलं! त्याआधी मुंबई प्रांताच्या विधानसभेचेही ते अध्यक्ष होते! कोकणातल्या एका खेड्याचं नाव लावणाऱ्या माणसाच्या काळातला संकेत अजून सगळ्या देशात वाद घडवतोय!

आता गणित करा माझ्याबरोबर. आमदार २८८. दहा टक्के म्हणजे २८.८, म्हणजे २९. आणि २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या पक्षांना मिळालं काय? शिवसेना ठाकरे गट २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी शरद पवार गट १०. तिघं मिळून ४६, पण एकटा कुणीच २९ पर्यंत नाही! ठाकरे गटानं भास्कर जाधव यांचं नाव पुढे केलं, पण मान्यता आली नाही. विधान परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. आणि मग त्या डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नाही! दोन्ही! ज्या पदाचा बंगला, गाडी, दर्जा सगळं कायद्यात लिहून ठेवलंय, त्या पदावर माणूसच नाही!

आणि या पदाचं वजन किती, ते बघायचंय? ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर तिघांनी शपथ घेतली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि अजित पवार. आठवा, आठवा! फडणवीस २०१९ ते २०२२ विरोधी पक्षनेते होते. अजित पवार २०२२ ते २०२३. आणि आपल्या ठाण्याचे शिंदे २०१४ मध्ये, जेमतेम महिनाभरसुद्धा नाही! तिघंही याच खुर्चीतून गेलेले! आणि शिंदे ती खुर्ची सोडून मंत्री झाले तो दिवस कोणता? ५ डिसेंबर २०१४! बरोबर दहा वर्षं आधीची तीच तारीख! हे सापडलं तेव्हा मी खरोखर उठून उभी राहिले!

अजून मागे चला. १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या कोण? प्रतिभाताई पाटील, पुढे देशाच्या राष्ट्रपती! लोकसभेत या पदाला मंत्र्याचा दर्जा देणारा कायदा झाला १९७७ मध्ये, तेव्हा तिथं कोण? यशवंतराव चव्हाण! आणि आपल्या सगळ्यात जवळचं नाव तर राहिलंच! १९९५ ते १९९९, मधुकर पिचड! अकोल्याचे! अकोला म्हणजे विदर्भातलं नव्हे हो, आपल्या घाटापलीकडचं अकोले! मुरबाडच्या बेलपाड्यातून मान वर करून कोकणकडा बघितला की त्या कड्याच्या माथ्यापलीकडे जो तालुका लागतो, तो! तिथला एक आदिवासी नेता चार वर्षं राज्याच्या विरोधी पक्षाचा आवाज होता! आमच्या शहापूरचा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, आणि इथल्या किती पोरांना हे कोणी सांगितलंय?

बरं, पण निवडतं कोण? माझा मूळ प्रश्न तिथंच! तर आपल्याकडचे शब्द आहेत गटनेता आणि प्रतोद. निकाल लागला की आमदारांची बैठक बसते. एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, हात वर होतात आणि हार घातला जातो. काँग्रेसची जुनी रीत म्हणजे दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांशी एकेकट्यानं बोलतात, आणि मग एका ओळीचा ठराव होतो, की निर्णयाचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना! एक ओळ! ठाकरे गटानं २०२४ च्या नोव्हेंबरात दोन्ही सभागृहांचे नेते म्हणून आदित्य ठाकरे, विधानसभेत गटनेते भास्कर जाधव आणि प्रतोद सुनील प्रभू ठरवले. शरद पवार गटाचे गटनेते आपल्याच जिल्ह्यातले, मुंब्रा-कळव्याचे जितेंद्र आव्हाड, आणि मुख्य प्रतोद रोहित पाटील, आर. आर. आबांचे चिरंजीव, पहिल्यांदाच आमदार झालेले! पहिल्याच खेपेला प्रतोद! केवढी जबाबदारी!

प्रतोद म्हणजे व्हिप काढणारा. कुणाच्या बाजूनं मत द्यायचं ते सांगणारा, आणि त्याचं ऐकलं नाही तर आमदारकी जाऊ शकते असा! २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा सगळी भांडणं याच दोन पदांवरून पेटली होती, आठवतं? शिंदे गटनेते की अजय चौधरी? प्रतोद सुनील प्रभू की भरत गोगावले? तेव्हा टीव्हीवर रात्रंदिवस ही नावं चालायची आणि मला वाटायचं की हे काय एवढं मोठं आहे! आणि मग ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगून टाकलं, की प्रतोद आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नव्हे!

थांबा, हे पुन्हा वाचा! तिकडे लंडनमध्ये २०११ पर्यंत खासदारांनी मतं देऊन निवडायचं, आणि इकडे आपल्या कायद्याप्रमाणे पक्षानं नेमायचं! त्यामागे कारण आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. आमदार एका पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. निवडून आल्यावर त्यांनी आपल्याआपणच पक्षापासून वेगळा नेता आणि वेगळा प्रतोद करायचा ठरवला, तर मतदारानं दिलेल्या चिन्हाला अर्थ काय उरला? बरोबर आहे! पण मला असं वाटतं, आणि मी तज्ज्ञ नाही हे परत सांगते, की पक्षानं नेमण्यापूर्वी आपल्याच आमदारांचं गुप्त मतदान घेतलं तर त्याला कोणता कायदा आडवा येतो? कोणताच नाही! त्यांनी मत द्यायचं आणि पक्षानं ते मानून नेमणुकीचं पत्र काढायचं! इतकं सोपं!

आणि प्रतिरूप मंत्रिमंडळ? तेही आपल्याकडे होऊन गेलंय! कुठे? आपल्या ठाणे जिल्ह्यात! ९ मार्च २०२०, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, मनसेचा वर्धापनदिन! राज ठाकरे यांनी खात्यांप्रमाणे एकेक नाव जाहीर केलं. गृह बाळा नांदगावकर, अर्थ नितीन सरदेसाई, आणि अशी लांबलचक यादी! पक्षाचा आमदार किती? एक! कल्याण ग्रामीणचे राजू पाटील! एक आमदार असलेल्या पक्षानं अख्ख्या मंत्रिमंडळावर नजर ठेवणारी फळी उभी केली! त्यात मतदान नव्हतं, नावं नेत्यानं ठरवली होती, आणि पंधरवड्यानंतर लगेच टाळेबंदी लागून सगळा देश घरात बसला. पण कल्पना बघा! प्रत्येक खात्यासमोर एक नाव! नाट्यगृहाच्या मंचावरून, सगळ्यांसमोर!

आता तुम्ही म्हणाल, की गुप्त मतदान वगैरे आपल्याकडे जमायचं नाही. अहो, जमतंय की! रोज जमतंय! ग्रामपंचायतीत जा! उपसरपंचाची निवड पाहिली आहे का कधी? मी पाहिली आहे, आमच्या भागातल्याच एका गावात. कार्यालय छोटं, बाहेर चपलांचा ढीग, खिडकीला गाव लोंबकळलेलं! अध्यासी अधिकारी टेबलामागे. अर्ज दोन आले. हात वर करून मतदान सुरू होणार तोच एक सदस्य उभी राहिली, डोईवरचा पदर सारखा करत म्हणाली, ‘साहेब, गुप्त पाहिजे.’ एवढंच! आणि गुप्त झालं! कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या, प्रत्येकीवर शिक्का मारला, एकेक जण कोपऱ्यात पाठमोरा होऊन लिहून आला, चार घड्या घातल्या आणि डब्यात टाकल्या. मग साहेबांनी एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवत नाव वाचलं आणि बाहेर गुलाल उडाला! ती बाई निवडणुकीला उभीसुद्धा नव्हती! तिला फक्त आपलं मत कुणाच्या डोळ्यांच्या धाकाशिवाय द्यायचं होतं! मग सांगा, पाड्यावरच्या सदस्याला जे मागता येतं, ते आमदाराला का मागता येऊ नये?

आणि यात शहापूर-मुरबाडचा काय संबंध, असं विचारू नका, कारण सगळा संबंध आपलाच आहे! भातसा आपल्या तालुक्यात, तानसा आपल्या तालुक्यात, मुंबईच्या नळाचं पाणी आपल्या डोंगरांतून जातं आणि उन्हाळा आला की आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत! भावली धरणातून पाणी आणायच्या योजनेचं नाव तर शहापुरात पोराटोरांनाही पाठ आहे. आता हा प्रश्न विधानसभेत कोणत्या खात्याचा? धरण जलसंपदाचं. नळाची योजना पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याची. पाडा आदिवासी विकास खात्याच्या नजरेतला. तीन खाती, तीन मंत्री! आणि २०२४ ला आपण निवडून दिलेले दोन्ही आमदार, शहापूरचे दौलत दरोडा आणि मुरबाडचे किसन कथोरे, दोघांची बाकं सत्ताधारी बाजूला. ते त्यांच्या परीनं प्रश्न मांडतील, मांडोत. पण समोरच्या बाजूनं या तीन मंत्र्यांना रोखून धरणारं कोण? जलसंपदा खात्याच्या मागण्यांवर बोलायला पहिल्यांदा कोण उठतं? विरोधकांच्या अंतिम आठवडा प्रस्तावात आपल्या टँकरची ओळ कोण घालतं? मला त्यांची नावं सांगता येत नाहीत. तुम्हाला येतात? अशी यादी कुणी जाहीरच केलेली नसेल तर येणार कशी?

आणि हे पद रिकामं असलं की फक्त भाषणं कमी होतात असं नाही बरं! राज्याच्या मानवी हक्क आयोगावर कुणाला नेमायचं हे ठरवणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता असतो. आणि ज्या माहितीच्या अधिकारात आपण तहसील कचेरीत अर्ज टाकतो, त्या माहिती आयुक्तांच्या निवड समितीतही मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेता असतो! आणि २००५ च्या त्या कायद्यानं केवढी दूरदृष्टी दाखवली आहे! मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तिथं बसेल, असं त्यातच लिहून ठेवलंय! तिथं १० टक्क्यांचं नाव नाही! कायदा करणाऱ्याला मनात आणलं तर वाट सापडते, हेच यातून दिसतं!

म्हणून माझी मागणी ऐका, आणि पटली तर तुम्हीही माझ्याबरोबर मागा. विरोधात जो कुठला पक्ष असेल, आज हा, उद्या तो, त्यानं आपल्या आमदारांचं गुप्त मतदान घेऊन पहिल्या बाकाची फळी निवडावी. एकेका खात्यासमोर एकेक नाव लिहावं. ती यादी पेपरात छापून द्यावी. २० आमदार असले तर २० जणांत खाती वाटावीत, १० असले तर एकेकानं दोन-तीन घ्यावीत! एका आमदारावर अख्खी यादी उभी राहिलेली आपण वाशीला पाहिली आहे, तेव्हा संख्या कमी पडते हे कारण कुणी सांगू नये! आणि मग आपण काय करायचं? आपण त्या यादीतलं पाण्याचं नाव शोधायचं आणि त्या माणसाला पत्र टाकायचं, की साहेब, किंवा ताई, मार्च-एप्रिलात शहापूरला या, डोळखांबकडच्या पाड्यांवर चला, मग टोकावड्याकडे चला, आणि अधिवेशनात बोलायला उभं राहायच्या आधी हंडा घेऊन एकदा रांगेत उभं राहा!

चला तर! पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा उमेदवार मत मागायला दारात आला की त्याला चहा द्या, खुर्ची द्या, आणि दोन प्रश्न विचारा. तुमचा गटनेता तुम्ही मत देऊन निवडणार का? आणि सत्ता नाही आली तर पाण्याच्या खात्यावर तुमच्याकडून कोण बोलणार? मी तर विचारणारच आहे! शहापुरात मी विचारते, मुरबाडात तुम्ही विचारा, आणि मग काय उत्तरं मिळाली ते एकमेकांना सांगू!